पत्र्याच्या पलीकडून ऐकलेले परबमिस्त्री

परबमिस्त्रींची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मिस्त्रींच्या पंच्याहत्तरीला निघणाऱ्या या गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, असं तो काढणाऱ्या आमच्या मंडळाच्या चिटणीसांनी मला सुचवलं. पण मिस्त्रींना सजवलेली गाडी कधी आवडली नाही, चालणारी आवडते. म्हणून जसं झालं तसंच सांगते.

चौतीस वर्षांपूर्वी ठाकुर्लीत मी शिवणकामासाठी गाळा घेतला. गाळा कसला, एका लांबट जागेच्या मधोमध पत्रा मारून केलेला अर्धा तुकडा. पत्र्याच्या या बाजूला मी आणि माझी शिलाई मशीन, पलीकडे श्री. नारायण लक्ष्मण परब यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. पहिल्याच दिवशी मी फळीवर टाचण्यांच्या दोन डब्या नीट मांडून ठेवल्या. पलीकडे कोणीतरी किक मारली आणि माझी फळी थरथरायला लागली. बघता बघता दोन्ही डब्या खाली आणि टाचण्या गाळाभर. मी पदर खोचला आणि तशीच बाहेर पडले.

"अहो, ती फटफटी बंद करा आधी! माझं दुकान नाचायला लागलंय!"

मिस्त्री गाडीजवळ उकिडवे बसले होते, कान इंजिनाकडे लावून. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता हात वर केला, थांबा म्हणून. मला इतक्या शांतपणे कोणी कधी थांबवलं नव्हतं, म्हणून मी थांबले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर जरासा फिरवला. इंजिनाची तडतड खाली यायला लागली, अजून खाली, अजून खाली, आणि शेवटी गोठ्यातली म्हैस रवंथ करते तशी ती गाडी एका लयीत बसली. आत येऊन बघते तर फळी गप्प.

"बंद कशाला करायची?" मिस्त्री हात पुसत म्हणाले. "नीट केली की नाचत नाही."

संध्याकाळी तेच माझ्या दारात आले. म्हणाले, "बाई, तुमची मशीन टाके सोडते."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"ऐकू येतंय ना पलीकडे."

त्यांनी मशीन आडवी केली, खालचं झाकण काढलं आणि मला सुई आणि शटल दाखवलं. सुई खाली जाऊन वर निघते, त्या क्षणी शटलनं दोरा पकडायला हवा. माझं शटल केसभर उशिरा येत होतं. त्यांनी ते वेळेवर आणलं, स्क्रू आवळला आणि उठता उठता म्हणाले, "आमच्याकडे पण हेच. ठिणगी वेळेवर पडायला पाहिजे." माझी मशीन त्या दिवसापासून सरळ चालायला लागली आणि माझं शिक्षण सुरू झालं, तेही पत्र्याआडून, फी न भरता.

मी सातवी शिकलेली बाई. या ग्रंथात इंजिनिअर, प्राध्यापक, वकील अशा मोठमोठ्या माणसांचे लेख आहेत, तिथे मी काय सांगणार? मला मिस्त्रींचं काम कळलं ते माझ्या घरच्या कामावरून. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण जातं. ते कसं असावं? भाकरीच्या पिठासारखं. पाणी जास्त झालं की हाताला चिकटतं, कमी झालं की थापताना कडा फाटतात. तसंच पेट्रोल जास्त झालं तर गाडी घुसमटते, धूर काढते. हवा जास्त झाली तर खोकते आणि तापते. आणि ठिणगीची वेळ म्हणजे फोडणीत मोहरी टाकायची वेळ. तेल तापायच्या आधी टाकली तर तडतडत नाही, उशीर झाला तर करपते. या दोन्ही गोष्टी जमल्या की गाडी उभ्या उभ्या, ॲक्सिलरेटरला हात न लावता, शांत धडधडत राहते. मिस्त्री त्याला 'गाडी बसली' म्हणतात. गाडी पळवणारे पुष्कळ आहेत, पण बसवणारे मिस्त्री एकटेच, असं आमच्याकडे ठाण्यापासून शहाडपर्यंतची माणसं म्हणतात, आणि मी त्याला साक्षीदार आहे.

त्यांची पद्धत मला शेजारच्या मुलाचे पाढे पाठ व्हावेत तशी पाठ झाली. आधी प्लग काढायचा आणि उजेडात धरायचा. तो भाजक्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा तांबूस हवा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर हवा जास्त. मग ठिणगी पाडणारे पॉइंट साफ करून त्यातली फट पातळ पत्तीनं मोजायची. मग वायरीला छोटा बल्ब जोडून चाक हातानं हळूहळू फिरवायचं. खुणेवर आलं की बल्ब विझला पाहिजे, आधी नाही, नंतर नाही. एवढं झालं की मिस्त्री गाडीवर बसून शहाडच्या पुलापर्यंत जाऊन यायचे, कारण गाडी गरम झाल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. आल्यावर मग पत्र्यापलीकडे तो आवाज सुरू व्हायचा. आत काय फिरतं ते मला फार पुढे कळलं: हवेचा स्क्रू थोडा आत, आवाज पडला. थोडा बाहेर, आवाज चढला. अजून बाहेर, पुन्हा पडला. मग परत मागे, जिथे सर्वांत चढला होता तिथे. आणि सगळ्यात शेवटी आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीच्या गतीचा, स्क्रू फिरवून आवाज खाली, खाली, खाली. तो शेवटचा पाव आटा, म्हणजे पाव फेरा, फिरला की मी सुईत दोरा ओवायला घ्यायचे. इतकी सवय.

गिऱ्हाइकांना या नेमाचा त्रास व्हायचा. आमचे देशमुख वकील, ठाण्याच्या कोर्टात असतात, वडिलांची जुनी साडेतीनशे सीसीची गाडी त्यांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली आहे. ते एकदा म्हणाले, "मिस्त्री, पुलापर्यंत कशाला? इथंच चालू ठेवा पाच मिनिटं. मला घाई आहे."

मिस्त्री म्हणाले, "साहेब, तुमच्या कोर्टात तारखेवर तारीख पडते तेव्हा अशील घाई करतो का?"

वकीलसाहेबांनी मुकाट्यानं माझ्याकडे येऊन चहा घेतला.

पोरं यायची, सायलेन्सर कापून द्या, आवाज मोठा पाहिजे म्हणायची. मिस्त्री त्यांना कधी ओरडले नाहीत. म्हणायचे, "बाबा, गाडी आली हे घरच्यांना कळायला पाहिजे. गल्लीला कळून काय उपयोग?" अर्धी पोरं हसून जायची, अर्धी परत यायची. परत आलेल्यांपैकी काही जण आज या मंडळात आहेत, आणि त्यांच्याही गाड्या आता घरच्यांपुरत्याच वाजतात.

त्यांचा एक उपकार इथे लिहायलाच हवा. आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बारा दिवस इस्पितळात होते. दिवाळी तोंडावर, बायकांचे ब्लाउज शिवून तयार, आणि दुकान बंद. परत आले तर सगळे ब्लाउज ज्याचे त्याला पोचलेले. मिस्त्री रोज दुपारी दोन तास माझ्या गाळ्यात बसत होते. नवीन कपडेही त्यांनी घेऊन ठेवले होते, आणि वहीत त्यांच्या अक्षरात नोंदी: 'हिरवा, काठ जरीचा. पुढून आवळतो. हुक ढिले, टाइट करणे.' 'जांभळा. बाह्या मागच्या वेळी लांब झाल्या अशी तक्रार. मालक स्वतः येऊन दाखवतील.' मालक म्हणजे त्या ब्लाउजच्या बाई. त्या दिवशी इस्पितळातून आल्यावर मी पहिल्यांदा हसले ते ती वही वाचून.

हे सगळं लिहिलं आणि इथे थांबले असते तर लेख नीटनेटका झाला असता. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती वगळून मिस्त्री कोण आहेत ते मला सांगता येणार नाही. मी त्यांना विचारलं, "लिहू का?" ते म्हणाले, "लिही. पण जितकं फिरवलंस तितकंच लिही. कमी नको, जास्त नको."

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी साडीला फॉल लावत बसले होते. पलीकडे मिस्त्री एक गाडी बसवत होते. आवाज चढला, पडला, चढला, आता खाली येणार म्हणून मी सुई हातात धरली, आणि आवाज खाली आलाच नाही. वरच राहिला. मिस्त्री म्हणाले, "झाली. न्या." गाडी गेली. मला वाटलं, घाईत असतील. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझी फळी थरथरली, आणि मला कळलं. मिस्त्रींना तो खालचा आवाज ऐकूच येत नव्हता. जिथपर्यंत ऐकू येत होतं तिथेच ते थांबत होते.

मग बाकीचंही लक्षात यायला लागलं. "चहा सांगू का?" विचारलं की "हो, पॉइंट बदललेत" असं उत्तर यायचं. मी परबवहिनींना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "मी बोलले तर म्हणतात, तूच हळू बोलतेस. मी! माझा आवाज कल्याणला उतरलेल्या माणसाला ऐकू जातो."

पण मिस्त्रींना तोंडावर सांगायचं कोणी? ज्या माणसाचा कान म्हणजेच त्याची कमाई, त्याला सांगायचं की तुमचा कान गेला? गिऱ्हाईक सांगेनात, वहिनींचं ऐकेनात, आणि माझी जीभ उचलेना. गाड्या वर राहायला लागल्या, सिग्नलला गुरगुरायला लागल्या, पेट्रोल जास्त प्यायला लागल्या. दोन जुनी गिऱ्हाइकं यायची थांबली. एक दिवस चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री संपले आता." ते मला झोंबलं. मिरची लागल्यासारखं झोंबलं.

आणि मग मी ते केलं. गाडी दुकानातून निघाली की मी पुढच्या दारानं सटकायचे आणि औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर गाठायचे. "थांबा जरा. मिस्त्रींचं एक बघायचं राहिलंय, मला सांगितलंय त्यांनी." साफ खोटं. गाडी चालू ठेवायची, माझ्या शिलाई मशीनचा बारका स्क्रूड्रायव्हर काढायचा आणि आयडलिंगचा स्क्रू अर्धा आटा फिरवून आवाज खाली आणायचा. माझ्या कानात तो आवाज बत्तीस वर्षांपासून होता, मला मोजायची गरज नव्हती. माणसं म्हणायची, "वा, मिस्त्रींचा हात तो हात!" आणि मी फुलून परत येऊन ब्लाउजला काजं करायला बसायचे. सात महिने हे चाललं. मला वाटायचं, मी मिस्त्रींची अब्रू राखते आहे.

पण दोन स्क्रू असतात. आवाज खाली आणणारा तेवढा एकच मला ठाऊक होता. ऐकू येत नसल्यामुळे मिस्त्रींचा हवेचा स्क्रूही चुकत होता, पेट्रोल जास्त जात होतं, आणि गाडी वर चालत होती म्हणून ते झाकलं जात होतं. मी आवाज खाली आणला आणि झाकण काढलं. देशमुख वकिलांची गाडी कोपऱ्यावर छान धडधडली. दोन दिवसांनी ठाण्याला जाताना, ऐन गर्दीत, दर सिग्नलला ती बंद पडायला लागली. प्लग काजळीनं भरला होता. काळा कोट घालून वकीलसाहेबांनी ती गाडी ढकलली. कोर्टात पोचले तेव्हा त्यांच्या प्रकरणाला पुढची तारीख पडून गेली होती.

शनिवारी ते मिस्त्रींकडे आले. स्वभाव गोड, रागावणं नाही. सहज म्हणाले, "मिस्त्री, बाईंनी कोपऱ्यावर स्क्रू फिरवला तेव्हा तर मस्त वाजत होती."

पत्र्याच्या या बाजूला मी ऐकत होते.

"कोणी फिरवला?" मिस्त्री म्हणाले.

"बाईंनी."

"कोणी?"

"बाईंनी! शालिनीबाईंनी!"

सात महिने जे मी जिवापाड लपवलं ते वकीलसाहेबांना ओरडून सांगावं लागलं, कारण मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

मिस्त्री माझ्या दारात आले. हातात तो काळाकुट्ट प्लग.

"किती दिवस?"

"सहा-सात महिने."

"किती गाड्या?"

"मोजल्या नाहीत."

"एकच स्क्रू फिरवायचीस?"

"एकच."

"दुसरा का नाही?"

"तो मला पत्र्यातून कधी दिसलाच नाही हो."

एरवी ते यावर पोट धरून हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. बत्तीस वर्षांत ते मला 'तुम्ही' म्हणत आले होते, त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' म्हणाले, आणि त्यांच्या मालवणीत म्हणाले, "माका सांगूक काय झाला होता तुका?" मग गेले. भर दुपारी त्यांनी शटर ओढलं. वकीलसाहेबांची गाडी आतच राहिली.

शटर आठ दिवस उघडलं नाही. इतक्या वर्षांत पत्र्याच्या पलीकडे इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझं शिवण बिघडायला लागलं, एका बाईच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. नवव्या दिवशी परबवहिनी आल्या. मोठ्यानं बोलणाऱ्या वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "नुसते बसलेत हो. टीव्ही लावतात, आवाज मोठा करतात, आणि खिडकीकडे बघत राहतात. म्हणतात, ज्याला गाडी ऐकू येत नाही त्यानं शटर कशाला उघडायचं? असे बसले तर पुन्हा उठायचे नाहीत."

मी दुकान बंद केलं आणि त्यांच्यासोबत गेले. वाटेत विचार करत होते की माफी कशी मागायची. माफी हळू आवाजात मागायची असते, आणि इथे ओरडावं लागणार होतं. शेवटी मी मापाची वही काढली, त्यावर मोठ्या अक्षरात 'मी चुकले' लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

मिस्त्रींनी चष्मा लावला. वाचलं. वही खाली ठेवली.

"कशात चुकलीस?"

"स्क्रू फिरवला त्यात."

"नाही." त्यांनी मान हलवली. "गाडी माझ्यासमोरून नेऊन कोपऱ्यावर उभी केलीस, त्यात. माझ्यासमोर फिरवला असतास, तर दुसरा स्क्रू मीच दाखवला असता की नाही?"

मला रडू आलं. आणि रडताना माणसाला धीर येतो, म्हणून मी जोरात म्हणाले, "मग आता दाखवा ना! वकीलसाहेबांची गाडी आत उभी आहे."

मिस्त्रींनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी टीव्हीचा रिमोट उचलला आणि पदरात बांधला. "जावा. नाहीतर आजपासून माझ्या मालिका लागतील."

शटर वर गेलं. मिस्त्रींनी प्लग घासून साफ केला. पॉइंटची फट पत्तीनं मोजली, बल्ब जोडला, चाक फिरवलं. खुणेवर बल्ब विझला. या कामात त्यांच्या हातून कधी चूक झाली नव्हती, तेव्हाही झाली नाही, कारण ते काम डोळ्यांचं. मग नेमाप्रमाणे गाडी गरम करायला पुलापर्यंत जायचं. मी तिथेच थांबणार होते. मिस्त्री म्हणाले, "बस मागे. ऐकायचंय ना तुला?"

आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्र्याहत्तरीचे मिस्त्री पुढे, बासष्टीची मी मागे, पदर कमरेला खोचलेला, एक हात सीटच्या पट्ट्याला आणि दुसरा देवाच्या भरवशावर. ठाकुर्लीपासून शहाडच्या पुलापर्यंत आणि परत. कल्याणात एका रिक्षावाल्यानं विचारलं, "काकी, पळून चाललात की काय?" मी म्हटलं, "पळून नाही रे, शिकायला चाललेय!"

परत आल्यावर त्यांनी मला गाडीच्या बाजूला स्टुलावर बसवलं. स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात, कान माझा. आवाज चढला की मी हात वर न्यायचा, पडला की खाली. पहिल्यांदाच मी दुसरा स्क्रू बघितला, अगदी तोंडासमोर. मिस्त्री तो फिरवत होते आणि इंजिनाकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होते. वर, वर, वर, आता पडला, मागे, तिथेच. मग आयडलिंगचा स्क्रू. खाली, खाली.

"झालं?"

"नाही. अजून थोडं."

मिस्त्री थांबले. "इतकं खाली?"

"इतकंच असतं तुमचं," मी म्हटलं. "मी रोज ऐकायचे."

त्यांनी शेवटचा पाव आटा फिरवला. गाडी बसली. मिस्त्रींनी पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून ती धडधड हातानं चाचपली. मग म्हणाले, "होय. हेच."

वकीलसाहेब गाडी न्यायला आले तेव्हा मिस्त्रींनी त्यांना उभं करून सांगितलं, "साहेब, सात महिने माझ्या हातून गाड्या वर राहिल्या. माझा कान अधू झालाय. आता डोळा माझा आणि कान बाईंचा. पटत असेल तर पुढच्या वेळी चावी द्या."

वकीलसाहेबांनी चावी खिशात ठेवता ठेवता परत बाहेर काढली आणि म्हणाले, "गाडीची पुढची तारीख आत्ताच लिहून घ्या."

मोठेपणा म्हणतात तो हा. जी दोन गिऱ्हाइकं यायची थांबली होती त्यांना मिस्त्रींनी स्वतः फोन केला, म्हणजे मी नंबर लावून दिला आणि ते बोलले. "तुमची गाडी मी चुकीची बसवली होती. आणा, नीट करून देतो." दोघंही आले. आजही येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मिस्त्री आधी हे सांगतात आणि मगच गाडीला हात लावतात. आपली उणीव झाकायला सगळ्यांना येतं, मलाही आलं. ती दुकानाच्या दारात उभी राहून सांगायची हिंमत मी फक्त त्यांच्यात बघितली.

मग त्यांनी पत्रा कापून त्याला खिडकी केली. कापलेली कड कानशीनं अशी घासली की माझ्या पदराचा एक धागा निघत नाही. हल्ली ब्लाउज तयार मिळतात, माझं काम कमी झालंय, म्हणून दुपारी तीन तास मी पलीकडेच असते. नव्या गाड्या कॉम्प्युटरवर लावतात, त्यांना आमची गरज नाही. पण जुन्या गाड्या सांभाळणारी माणसं ठाण्याहून, डोंबिवलीहून, शहाडहून येतात, आणि आम्ही दोघं मिळून त्या बसवतो.

वहिनींच्या आग्रहानं मिस्त्रींनी ठाण्याला जाऊन कानाचं यंत्रही लावून घेतलं. पहिल्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, "कुकर एवढा ओरडतो? आणि तू इतकी वर्षं एवढं बोलत होतीस?" वहिनी म्हणाल्या, "आत्ता कुठे संसार सुरू झाला." यंत्रानं माणसं ऐकू येतात, पण इंजिन त्यातून पत्र्यासारखं वाजतं, म्हणून गाडीजवळ बसताना मिस्त्री ते काढून शर्टाच्या खिशात ठेवतात आणि माझ्या हाताकडे बघतात. त्यांचं ते 'तू' मात्र राग गेल्यावरही तसंच राहिलं, आणि मला ते आवडतं.

आज मिस्त्री पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. या ग्रंथात सगळ्यांनी त्यांना शुभेच्छा दिल्या असतील, माझ्याही त्यात मिसळून घ्याव्यात. त्यांचे गुडघे उकिडवं बसण्याइतके बळकट राहोत. बल्ब विझलेला दिसण्याइतकी नजर कायम राहो. वहिनींची साथ आणि वहिनींच्या हातचं तिखट सांबारं त्यांना आणखी पंचवीस वर्षं लाभो. शहाडच्या पुलापर्यंत जाऊन यायची हौस कमी न होवो. कानांची मात्र त्यांनी काळजी करू नये. ते माझ्याकडे आहेत, आणि अजून चांगले चालतात.

शालिनी गायकवाड, ठाकुर्ली